ऑस्टिन विकायची म्हणजे विकायचीच

३ नोव्हेंबर १९६७, शुक्रवार

विकायची म्हणजे विकायचीच! बेटेगावच्या साखरपुड्याहून येताना आज बाबांनी आमची ऑस्टिन मोटार सरळ एका बैलगाडीत घातली. बैलगाडीत मागे पेंढा भरला होता म्हणून वाचलो. गाडीवान आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय आणि बाबा शांतपणे आईला म्हणतात, "गोदू, तू बोलली नाय."

आमच्या घरात हे असं चालतं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचं सगळं धुरकट. म्हणून आई शेजारी बसून सांगत असते — "डाव्या अंगाला घ्या... पोरं हायत... हलू, हलू!" होडीत सुकाणू मागे असतं, शीड आड येतं, तेव्हा पुढच्या टोकाला, नाळेवर बसलेला माणूस असाच ओरडून वाट सांगतो. समुद्रात ठीक आहे. बोईसरच्या रस्त्यावर आता वीजप्रकल्पाचे ट्रक धावतात! एखाद्या दिवशी कुणाचं तरी पोर चाकाखाली येईल, नाहीतर हे दोघं तरी जातील. मला भीती वाटते. सारखी वाटते.

४ नोव्हेंबर

गाडी विकायची म्हटल्यापासून बाबा जेवले नाहीत. आई म्हणाली, "नलू, जित्या बापाचे हातपाय तोडतेस!" — हो, तोडते. न्हाणीत जाऊन रडले आणि बाहेर येऊन भाकऱ्या थापल्या.

५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बाबा आपणहून ओट्यावर आले. "इक. पन लवकर इक." एवढंच.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत काम उरकायला हवं. शाळा सुरू झाली की वर्गातली मुलं सांभाळू की गाडी? घोलवडच्या पारशी शेटकडून घेतली तेव्हा आरशासारखी होती. बाबांनी पहिल्याच दिवशी मागची सीट काढून मासळीच्या टोपल्यांना जागा केली. सीट इतकी वर्षं माळ्यावर. आज काढली तर आत कोंबडीचा संसार! कोंबडी रागावली, मीही रागावले. शेवटी सीट मिळाली.

७ नोव्हेंबर

गाडी सोड्याने धुतली. लिंबाने पुसली. कडुलिंबाचा पाला जाळून धूर दिला. बंपर चिंचेने घासला, चकाकतोय. फटीफटीतून खवले निघताहेत. वास मात्र तसाच — सुक्या बोंबलांचा. पुन्हा धुणार. बघतेच!

गिऱ्हाईक आहे. कृष्णकांत देशमाने, प्रकल्पावरचे ओव्हरसियर, मूळ सोलापूरकडचे. रविवारी येणार. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "सोलापूरला दर्या हाय का?" नाही म्हटलं. "मग त्याला काय कलतं गाडीतलं!"

९ नोव्हेंबर, गुरुवार

काय करू या माणसांचं!

पॉलिश आणायला पालघरला गेले होते. परत येते तो गल्लीतली झाडून सगळी मांजरं आमच्या अंगणात. बाबा गाडीखाली आडवे, आई वाटी धरून उकिडवी. मुशी माशाचं तेल! पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की लाकूड कुजू नये म्हणून तिला चोपडतात, ते. अख्ख्या गाडीला पोटाखालून चोपडलं होतं. त्या वासापुढे बोंबील म्हणजे अत्तर.

मी किंचाळले. बाबा खालूनच म्हणाले, "सासरला जानारी पोर कोरड्या डोक्यानं धाडतं का कोन?"

डोक्याला हात लावून ओट्यावर बसले. ओरडायचं होतं अजून, पण त्यांचा तेलकट हात गाडीवरून फिरत होता तो बघवेना.

१० नोव्हेंबर

राख, सोडा, गरम पाणी. काही उपयोग नाही. हात सोलवटले. मांजरं हलत नाहीत. मीही हलणार नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

देशमाने आले. फाटकातच रुमाल नाकाला. "बाई, हे काय? आमची ही तर दारात उभी करू देणार नाही!"

मी ठरवलंच होतं, लपवायचं नाही. म्हटलं, मुशीचं तेल आहे, मुद्दाम लावलंय. इथल्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा किती टिकतो ते तुमच्या कॉलनीतल्या गाड्यांना विचारा. वास जाईल, भोक पडलं तर बुजणार नाही. (मुद्दाम! देवा, क्षमा कर.) ते बॅटरी घेऊन वाकले, खूप वेळ वाकूनच होते. उठले ते "घेतो" म्हणूनच.

आणि तेवढ्यात बाबा धोतर सावरत पुढे — "चला सायेब, मी चालवून दाखवतो." आई आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसलेली! मी गाडीसमोर उभी राहिले. म्हटलं, बाबा, किल्ली द्या. सगळी गल्ली बघत होती. मला वाटलं, आता हे मला पोरीच्या जातीवरून चारचौघांत बोलणार. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आईला हाताला धरून खाली उतरवलं.

गाडी गेली. फाट्यावर वळेपर्यंत बाबा कान देऊन उभे होते. मी जिंकले, आणि जेवण गेलं नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

बाबांना पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, आईही बरोबर आली. ऑपरेशन ठरलं. ते बाहेर बाकावर जाऊन बसले, तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, आजी, तुमचेही बघू. आईला बाबांहून कमी दिसतं! वर्ष-दोन वर्षं तरी झाली असतील म्हणाले. एका घरात राहून मला कळलं नाही. आई माझा हात घट्ट धरून म्हणाली, "यांना बोलू नको. मना रस्ता पाठ हाय."

तिला नर्सजवळ ठेवून बाहेर आले. बाबांनी विचारलं, "तिचं पन बघितलं ना?" मी शेजारी बसले, तर म्हणतात, "मना कवाचं ठाव हाय. तिला बोलू नको. तिला वाटायचं, तिच्याबिगर मी गाडी काढूच शकत नाय."