अण्णांची शीळ, माझी गिटार

९ ऑगस्ट
ठरलं. गिटार शिकायची. कारण इथे नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मुलाखतीत विचारलं तर गोंधळ नको.

२४ नोव्हेंबरला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर मी अण्णांची शीळ गिटारवर वाजवणार. ते दाढी करताना जी घालायचे ती. कुठल्या गाण्याची, कोणालाच माहीत नाही. छापखान्यातल्या मशीनांनी त्यांचे कान नेले, तेव्हापासून शीळही बंद. मला मात्र जशीच्या तशी आठवते. कान माझे पहिल्यापासून तिखट.

आणखी एक कारण आहे. अण्णांनी मला आजवर एकदाही छान म्हटलेलं नाही. नोकरी लागली तेव्हा नाही. घर घेतलं तेव्हा नळ कुठून गळतोय ते दाखवलं. शाळेच्या कार्यक्रमात मी गायलो, तर दुसऱ्या कडव्याला उठून गेले. शिफ्ट होती. शिफ्टच असणार. छापखान्यात ते मशीनच्या अंगावर तळहात ठेवायचे आणि सांगायचे, चाललंय किंवा बिघडलंय. यापलीकडे त्यांनी कशाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नाही. पण यंदा मी 'छान' घेणार म्हणजे घेणार.

१२ ऑगस्ट
घरात जाहीर केलं. हिने विचारलं, व्यायामाची सायकल विकायची की टॉवेल वाळत घालायला ठेवायची? विषय काय, ही बोलते काय. मुलगी म्हणाली, बाबा, आधी उकुलेले घे, चारच तारा असतात. माझ्याबद्दल घरात काय मत आहे ते कळलं.

१७ ऑगस्ट
गिटार घेतली! एकटाच गेलो. बरोबर माणसं नेली की निर्णय पातळ होतो.

दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, कोण वाजवणार? मी म्हणालो, मी. त्यावर त्याने एक लहानखुरी काढली, नायलॉनच्या तारांची. म्हणे बोटांना सोपी जाते. नायलॉन! मला काय कपडे वाळत घालायचेत? मग दुसरी दाखवली, तिचा वरचा एक कोपरा चक्क कापलेला. डिफेक्टिव्ह पीस खपवत होता. मी त्याच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, ती डिझाइनच तशी असते, खालपर्यंत बोटं जावीत म्हणून. मी नुसता हसलो. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. डिझाइनच तशी असते हे वाक्य मीच दिवसातून चार वेळा लोकांना ऐकवतो.

शेवटी कलिंगड निवडतात तशा सगळ्या टिचकी मारून पाहिल्या. सर्वांत मोठी, सर्वांत जाड तारांची, चारही बाजूंनी शाबूत अशी निवडली. दुकानदाराने पुन्हा एकदा विचारलं, नक्की? त्याला बहुधा ती स्वतःसाठी ठेवायची होती.

१८ ऑगस्ट
गिटार मोठी. पोटही आहेच. मध्ये पोट, पुढे गिटार, त्याच्या पुढे हात. बोटं कुठे पडतात ते दिसत नाही. पण मोठे वादक कुठे बोटांकडे बघतात?

२१ ऑगस्ट
मोबाइलवर एक टोपीवाला सापडला. फुकट शिकवतो. तीस दिवसांत गिटार, असं त्याच्या व्हिडिओवर लिहिलंय. म्हणजे मला सप्टेंबरअखेर येणार. मग दोन महिने करायचं काय, हा प्रश्न आहे. थोडंफार गाणंही शिकून घेईन.

२३ ऑगस्ट
टोपीवाला म्हणाला, नखं कापा. उजव्या हाताची कापली. डाव्या हाताची कापायची होती. उजव्याची ठेवायची होती. आता दोन्ही हात सारखेच. नखं वाढेपर्यंत सराव स्थगित.

३० ऑगस्ट
तारा जुळवायचं ॲप घेतलं. सूर बरोबर लागला की हिरवा दिवा लागतो. पहिली तार पिळली. दिवा लाल. आणखी पिळली. लालच. दिव्यावर विश्वास ठेवून पिळत राहिलो. तार तुटून थेट गालावर. ही धावत आली, हळद लावली आणि काही न बोलता गेली. न बोलणं जास्त लागलं.

तार मुळातच कमकुवत असणार. तार बदलायला दुकानात गेलो. दुकानदार मला बघून, तुमचीच वाट बघत होतो, म्हणाला. ओळख झाली हे बरं.

११ सप्टेंबर
बोटांची टोकं सोलवटली आहेत. ऑफिसात फोनचं बटण दाबताना आई आठवते. तरी तीन कॉर्ड येतात, म्हणजे बोटांनी एकदम दोन-तीन तारा दाबून धरायच्या. एकातून दुसरीवर जायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात ही पोळ्या... नाही, हिशोब कशाला. लागतो थोडा वेळ.

आज सराव चालू असताना वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. तुमच्याकडे फर्निचरचं काम काढलंय का, असं विचारत होत्या. सवयीने तोंडातून गेलं, लिफ्टमध्ये अडकलेल्यांना सांगतो तेच, आमचा माणूस निघालाय. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. गाढवाला गुळाची चव काय.

१५ सप्टेंबर
आज मोठी गोष्ट घडली. संध्याकाळी मी वाजवायला बसलो तर अण्णा आपली खुर्ची ओढत आले आणि समोर बसले. मी शिळेची पहिली ओळ वाजवली. अण्णांनी कानामागचं ऐकण्याचं मशीन काढलं, डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि माझ्याकडे बघत शांत बसले. शेवटपर्यंत! मध्येच मान हलवत होते. चेहऱ्यावर हसू.

मशीन काढण्यामागे बॅटरी वाचवणं असणार, माणूस पहिल्यापासून काटकसरी. पण त्यातून दुसरीही गोष्ट सिद्ध होते. माझं वाजवणं इतकं स्पष्ट आहे की मशीनचीसुद्धा गरज पडत नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, बसू दे त्यांना, बरं वाटतं त्यांना तुमच्याजवळ.

२ ऑक्टोबर
अण्णा रोज येतात. एक दिवस चुकवत नाहीत. ऑफिसातून यायला उशीर झाला तर खुर्ची आधीच मांडलेली असते. मी आलो, चहा झाला, गिटार काढली, की डबीचं झाकण वाजतं. टक्. मैफल सुरू.

आयुष्यात पहिल्यांदा मी काही करतोय आणि अण्णा उठून जात नाहीयेत. हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

९ ऑक्टोबर
एफ नावाची एक कॉर्ड आहे. एकाच बोटाने सहाही तारा आडव्या दाबायच्या, आणि बाकीच्या बोटांनी वर आणखी काहीतरी. ज्याने ही शोधली त्याला घरदार नसावं. माझी धून नेमकी तिथूनच जाते. दाबली की खडखड होते. टोपीवाला म्हणतो, धीर धरा. त्याचे तीस दिवस केव्हाच संपले. त्यालाच विचारायला हवं.

तरी हत्ती गेला, शेपूट राहिलं. एफ सोडला तर सगळं बसलंय.

१४ ऑक्टोबर
दुकानदाराला सांगितलं की गिटारमध्ये दोष आहे, एफ लागत नाही. त्याने माझीच गिटार घेतली, एफ वाजवला. लागला. मग दुसऱ्या प्रकारे वाजवला. तोही लागला. घरी आल्यावर ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हणालो, तो त्याचा धंदा आहे, माझा नाही. ही म्हणाली, तेच म्हणतेय मी.

२७ ऑक्टोबर
आज अण्णांनी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि मी वाजवत असताना गिटारच्या लाकडावर तळहात ठेवला. धून संपेपर्यंत ठेवला. बहुधा लाकूड कोणतं आहे ते बघत असावेत. मी घाबरून एफ गाळला.

५ नोव्हेंबर
निश्चय : (१) रोज सकाळी लवकर उठून एफ. (२) रात्री गोड बंद. पोट गेलं की बोटं दिसतील.

६ नोव्हेंबर
सकाळी जाग आली नाही. ऑफिसातल्या एकाच्या निरोपाचा केक रात्री घरी आणला होता, टाकून कसा देणार.

१२ नोव्हेंबर
घोडामैदान जवळ आलं. एफ रस्त्यात आहे. मी गिऱ्हाइकांना सांगतो तसंच स्वतःला सांगतोय, हे आज लिफ्टमध्ये उभा असताना लक्षात आलं. लिफ्ट आमच्याच कंपनीची. दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. फोन केला तर माझ्याच शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, आमचा माणूस निघालाय.

१८ नोव्हेंबर
मुलगी अण्णांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. वाढदिवसाला त्यांना नवीन मशीन देणार आहे, कानाच्या आत बसणारं. म्हणे याने पान उलटल्याचासुद्धा आवाज येतो. पगारातून साठवून घेतलंय. गुणाची पोर.

ही म्हणाली, मशीन कार्यक्रम झाल्यावर देऊ या का? मुलगीही लगेच हो म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मी स्पष्ट सांगितलं, अजिबात नाही. आधी द्यायचं. माझ्या वाजवण्यातले बारकावे त्या माणसाला एकदा तरी ऐकू येऊ देत. ही म्हणाली, अहो, ऐका माझं. मी ऐकलं नाही.

२३ नोव्हेंबर
उद्या. नखं बरोबर हाताची कापली. शर्टाला इस्त्री केली. अण्णा छान म्हणतील तेव्हा चेहरा कसा ठेवायचा ते आरशात बघून घेतलं. फार हसायचं नाही. मान किंचित खाली.

२४ नोव्हेंबर
आज लिहीत नाही.

२५ नोव्हेंबर
लिहितो.

पाहुणे आले होते. आत्या, मामा, वरच्या काकूसुद्धा. केक कापला. मुलीने अण्णांच्या कानात नवीन मशीन बसवलं. अण्णा दचकले. मग खोलीभर बघत राहिले, पंख्याकडे, काकूंच्या बांगड्यांकडे. आत्या म्हणाली, दादा, ऐकू येतंय का? अण्णा म्हणाले, ओरडतेस कशाला.

मग मी वाजवलं.

पहिल्या ओळीलाच अण्णांचा चेहरा बदलला. डोळे मोठे झाले. अण्णांचा हात सवयीने डबी शोधू लागला. तो खिशापर्यंत गेला होता. डबी खिशात नव्हती. नव्या मशीनची डबी मुलीकडे होती. मला सगळं त्याच क्षणी कळलं, पण बोटं चालू होती, थांबवता येईनात. एफ आला. खडखडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खडखडला. कोणीतरी प्लेटा गोळा करायला लागलं. अण्णा मात्र उठून गेले नाहीत. या वेळी शिफ्ट नव्हती.

संपल्यावर अण्णांनी विचारलं, रोज हेच वाजवत होतास? मी हो म्हणालो. मग अण्णांनी विचारलं, हे आहे काय? मी सांगितलं, तुमची शीळ, दाढी करतानाची. अण्णा म्हणाले, ती अशी नाही रे.

आणि त्यांनी ओठ जुळवले. आधी नुसतीच हवा आली. मग सूर आला. इतक्या वर्षांनी. आत्या पदराने डोळे पुसायला लागली, काकू दारातच थांबल्या. वेगळीच धून होती. माझ्या धुनेतला फार तर एखादा सूर तिच्यात होता, तोही दुसऱ्याच ठिकाणी. तिखट कान म्हणे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा दंड धरून ठेवला. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. डबीचं झाकण मी रोज ऐकत होतो. ऐकत होतो आणि काटकसर म्हणत होतो.

२६ नोव्हेंबर
गिटार कव्हरमध्ये घालून सायकलच्या मागे ठेवली. सायकलवर टॉवेल टाकताना हिने तो जरा बाजूला सरकवला एवढंच. अण्णा सकाळपासून शीळ घालतायत. दाढी झाली तरी थांबत नाहीत. शेजारचे कौतुक करून गेले.

२८ नोव्हेंबर
ऑफिसातून आलो तर खुर्ची मांडलेली. अण्णा बसलेले. वाजवायची वेळ झाली, म्हणाले. मी सांगितलं, बंद केलं ते. का, असं विचारलं. मी म्हणालो, का ते तुम्हाला माहितीये. त्यावर अण्णांनी मला तू लहान असताना जसा रुसायचास तसाच रुसतोस, असं ऐकवलं, आणि मग म्हणाले, संध्याकाळी मी बसू कोणाजवळ?

सायकलच्या मागून गिटार काढली.

अण्णांनी कानातलं नवं मशीन काढलं. मुलीने एवढं साठवून घेतलेलं. नीट डबीत ठेवलं, झाकण लावलं. टक्. मग खुर्ची ओढून लाकडावर तळहात ठेवला आणि मानेने खूण केली, कर सुरू.

वाजवलं. चुकीचीच धून, दुसरी येते कुठे. एका ठिकाणी न राहवून मी मोठ्याने ओरडून विचारलं, काही कळतंय का? अण्णा हात न उचलता म्हणाले, चाललंय.

एफ लागला नाही. आमचा माणूस निघालाय.