तोंडातल्या टाचण्या

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि काहीतरी काम काढून उठते. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, तुझ्या चष्म्याचा वाढलेला नंबर, सगळं वाचलं. अगदी शेवटी, सहीच्या वर कोंबून लिहिलेली ती मास्तरांबद्दलची ओळही वाचली. तिच्याकडे येतेच, पण आधी माझी बातमी ऐक, नाहीतर मला धीर व्हायचा नाही.

आमच्या नव्या मालिकेचं शूटिंग सुरू झालंय. एका मुलीवर तिचा मालक जबरदस्ती करतो आणि ती पुढे कोर्टात उभी राहते, अशी गोष्ट. कपडे सगळे माझ्याकडे. त्या प्रसंगासाठी मी एकसारखे सहा ड्रेस शिवले, कारण दर रिटेकला नवा फाडावा लागतो. पुढची बटणं तटातट तुटली पाहिजेत, असं दिग्दर्शकांचं म्हणणं. म्हणून मी बटणं कच्ची लावली. चार ड्रेस वाया गेले, तरी त्यांचं समाधान होईना. पाचवा मी नायिकेच्या अंगावर बसवत होते, तोंडात नेहमीसारख्या टाचण्या. तू ओरडायचीस ना, लहानपणी गुंडी गिळून नाव पाडून घेतलंस, आता टाचण्या गिळशील म्हणून? अगं, तोंडात टाचण्या असल्या की आपल्याला कुणी काही विचारत नाही. मला इतकी वर्षं त्यांचा केवढा आधार होता, ते आज सांगते.

त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी त्या काढल्या आणि सगळ्यांसमोर बोलून गेले. म्हटलं, बटणं नाही तुटत. ती समोर थांबेल कशाला? ती दाराकडे पळते, तो मागून दंड धरतो, आणि बाही खांद्यापासून उसवते. बोलण्याच्या भरात टाचणी माझ्याच बोटात गेली. दिग्दर्शक एरवी भयंकर तापट, पण खुर्चीतून उठून हळूच म्हणाले, बाई, मग बाही कच्ची करून द्या. प्रसंग एका टेकमध्ये झाला. मला हे कसं ठाऊक, असं कुणीच विचारलं नाही. नायिका मात्र चहा संपेपर्यंत माझा हात धरून बसली होती.

ताई, तूही विचारलं नव्हतंस. सतरा वर्षांची मी मास्तरांच्या शिवणक्लासातून लोंबती बाही घेऊन आले आणि दाराच्या खिळ्यात अडकली म्हणाले. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस, आणि आई कामावरून यायच्या आत ती हाताने शिवून टाकलीस. घाईत पांढरा दोरा सापडेना, निळा घेतलास. दुसऱ्या दिवशी आईला ठणकावलंस, मास्तरांना काही येत नाही, हिला मीच शिकवते. तुला तरी कुठे येत होतं गं! तुझी काजं अजून वाकडीच. परीक्षा तोंडावर असताना रोज दुपारी मशीनपाशी माझ्याशेजारी बसलीस आणि नापास झालीस. आई वाट्टेल ते बोलली, तरी खरं कारण सांगितलं नाहीस. माझं काम, माझं घर, सगळं त्या दुपारींवर उभं आहे. तुझे आभार मी कधी मानले नाहीत, कारण मानायचे तर ते सांगावं लागलं असतं. आज मानते, अगदी पोटातून.

आता तुझी ती ओळ. मास्तरांच्या क्लासातल्या एका मुलीने तक्रार केलीय, कुणाचा तिच्यावर विश्वास नाही, तुला कळवावंसं वाटलं. एवढंच लिहिलंस, आणि मला कळलं की तुला तेव्हापासून ठाऊक आहे. ती मुलगी एकटी पडलीय, आणि ती खरं बोलतेय हे मी सांगू शकते. म्हणून हे पत्र. गुरुवारी सकाळी पोचते. आधी तिच्या घरी जाऊ, मग पोलिसांकडे जबाब द्यायला. निळ्या दोऱ्याचा तो ड्रेस तू पेटीत तळाशी ठेवलायस, मी पाहिलाय. काढून ठेव. बोलायचं ते मीच बोलेन. तू फक्त शेजारी बस, तेव्हा बसायचीस तशी.

तुझीच,
गुंडी