तुला पोहता येत होतं, माय

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण अंगाचा तिळपापड झालाय आणि हा राग दुसऱ्या कुणाजवळ बोलून दाखवावा ते कळत नाही.

आज सकाळी क्रूझवाल्यांचा माणूस अमरावतीला घरी आला. तू जाऊन महिना झाला, आता यांना आठवण झाली! कागद छापून तयारच होता. 'अचानक आलेल्या वादळामुळे बोट उलटली. मयत महिलेस पोहता येत नव्हते. लाइफ जॅकेट घालण्यास त्यांनी नकार दिला.' खाली माझी आणि दादाची सही तेवढी हवी होती.

तुला पोहता येत नव्हतं? तेल्हाऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीत अख्ख्या गल्लीची पोरं शिकवलीस तू! कमरेला वाळका भोपळा बांधायचीस आणि खुशाल ढकलून द्यायचीस. मी पायरी धरून रडायचे, तर वरून ओरडायचीस, "पाय मार वं! पाणी काई खाऊन नाई राह्यलं तुले!" आणि या माणसानं तुला एका ओळीत बुडवून टाकलं.

मी म्हटलं, हे खोटं आहे. तर म्हणतो, "मॅडम, फॉर्मॅलिटी आहे." दादा त्याच्याच बाजूनं बोलला. "करून टाक ना शोभे सही. माय काई वापस येनार हाय काय?" मी कागद त्या माणसाच्या अंगावर फेकला. दादा न जेवताच तेल्हाऱ्याला निघून गेला.

अचानक आलं म्हणे वादळ! भजनी मंडळाच्या बायांसोबत तू नदीवर पोचलीस, तेव्हाच फोनवर सांगितलं होतंस, "आभाय काळंभोर झालं वं. नावाडी होड्या वढून बांधून राह्यले." नावाड्यांना दिसलं, तुला दिसलं, तिकीट फाडणाऱ्यालाच तेवढं दिसलं नाही? आणि जॅकेटं म्हणे नाकारली! तुमच्या मंडळातली शांतामावशी वरच्या डेकवर होती म्हणून वाचली. ती सांगते, जॅकेटं बाकाखाली कोऱ्या पिशव्यांत बांधलेली होती. आधी द्या तर खरं, मग नकाराचं बोला!

तुझा दुसरा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मागे बोटीच्या खालच्या केबिनमधला बायांचा गलका ऐकू येत होता. तू म्हणालीस, "शोभे, पाणी आत येऊन राह्यलं म्हून त्यायच्या माणसानं काचेचं दार बाहेरून लावलं. गालिचा भिजते म्हने. मले हे बरं वाटून नाई राह्यलं. दार उघडाले लावतो अन् वरते जातो."

आणि मी काय म्हणाले, माय? हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "गप बसून राहा वं. चारचौघांत तमाशा नको करू. त्यायले कळते सगळं."

तू "बरं" म्हणालीस.

जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस. शुगर असून पुरणपोळी सोडली नाहीस, गुडघे सुजलेले असताना शेतात निंदायला गेलीस. मग त्याच दिवशी काहून ऐकलंस? काहून नाही दारावर लाथा घातल्यास? तुझाही राग येतो मला. खरंच येतो!

खरं सांगू? सकाळी तो कागद वाचताना क्षणभर मला बरं वाटलं होतं. त्यात माझं बोलणं कुठेच नव्हतं. आतल्या बायांपैकी कुणीच परत आली नाही, त्यामुळे दार लावलं होतं हे ते लावणाऱ्याशिवाय माहीत असलेली मी एकटीच उरले. ते सांगायचं तर तुझा फोन सांगावा लागणार, आणि फोन सांगितला की पोलीस विचारणार, मग तुम्ही काय म्हणालात? दादाही तेच विचारणार.

उद्या आधी तेल्हाऱ्याला जाऊन दादाला सांगते. मग ठाण्यात जबाब देते. तुला शब्द देते माय, एक अक्षर गाळणार नाही. तुला पोहता येत होतं. दार बाहेरून लावलेलं होतं. आणि तू उठत होतीस, तेव्हा तुझ्या मुलीनं तुला बसवलं. दादा माझं तोंड पाहणार नाही कदाचित. नको पाहू दे. पण त्या जबाबाखाली मी सही करीन.

तुझीच,
शोभा