सिद्धप्पांच्या गालावरचा वळ

सोलापूर, मंगळवार, ११ फेब्रुवारी १९७५

शाळेच्या स्मरणिकेसाठी आमचे वारलेले शिपाई सिद्धप्पा यांचा फोटो मी आज मापात बसवत होते. पानावर दोन इंचांचीच जागा, म्हणून छापायचा भाग दाखवायला फोटोच्या मागे रेघ आखली. पेन्सिल सोडून बॉलपेन का घेतलं मी? रेघ घसरली, दाबली गेली आणि पुढच्या बाजूला त्यांच्या गालावर वळ उठला. त्यांच्या बायकोकडे, गुरुबाईंकडे, त्यांचा हा एकच फोटो. मैंदर्गीहून स्वतः आणून दिलेला.

छापखान्यातले काका म्हणाले, "असा वळ कधी कधी ब्लॉकमध्येही उतरतो, बाई." ब्लॉक म्हणजे फोटोवरून बनवलेला छपाईचा ठसा; तो पुण्याला होतो.

संध्याकाळी गुरुबाई शाळेत आल्या. फोटो पुण्याला गेला, असं सांगून टाकावं का? पण तो समोर टेबलावरच होता. सांगितलं सगळं. त्यांनी फोटोवरून हळूच बोट फिरवलं. वळापाशी बोट थांबलं.

"बोटाला लागतंय की, बाई."

"माझ्याच हातून झालं."

त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवला. "पुस्तकात तरी नीट येतील न्हवं? नातीला दावायचं हाय. तिनं आजाला बगितलंच न्हाय."

मी हो म्हणाले. कशाच्या भरवशावर? ब्लॉक पुण्याहून यायला आठ दिवस लागतील. वळ त्यात उतरलाय की नाही, हे तोवर मलाही कळणार नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्यावर विश्वास ठेवून एसटी गाठायला गेल्या.