बाबांचं जड झालेलं स्टिअरिंग

५ मार्च

ती. ताईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल तू मनातल्या मनात घातलेल्या शिव्या पोचल्या. बेकरी सोडली. लगेच आईला हाक मारू नकोस, पुढचं वाच. भट्टीसमोर एकाच फरशीवर दिवसभर उभं राहणं मला जमेना, पाय शिवशिवतात. आता एका गॅरेजात लागलोय. मालकाला सगळे उस्ताद म्हणतात. तो फक्त जुन्या गाड्या घेतो. नव्या गाड्यांचे लाड करायला बाकीचे आहेत, म्हणतो.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. काल एक थोराड गाडी आली, आपल्या बाबांच्या गाडीच्या वयाची. उस्तादानं मला आत बसवून, इंजिन चालू करून, स्टिअरिंग एका बोटानं फिरवायला सांगितलं. ताई, फिरलं. पुढची दोन चाकं, त्यांच्यावर इंजिनाचं एवढं धूड, आणि इकडे माझी करंगळी. मी विचारलं, आत कुणाला बसवून ठेवलंय. त्यानं बॉनेट उघडून पेल्याएवढी एक डबी दाखवली. आत लालसर तेल. बस्स. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो ते तेल दाबून पुढे सोडतो, आणि आपण हात वळवला की ते तेल त्याच बाजूला चाकांना रेटतं. वळायचं कुठे ते माणसानं ठरवायचं, जोर तेलानं लावायचा. शाळेत असलं काही सांगितलं असतं तर मी पळून आलो नसतो. जाता-येता त्या डबीकडे बघत होतो, शेवटी उस्ताद म्हणाला, एकदाचा नमस्कार कर आणि कामाला लाग.

बाबांच्या गाडीतही हेच असणार. त्यांना विचार, इतकी वर्षं आम्हाला का नाही सांगितलं. आई-बाबांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ थोडा जादाच ठेव, मी लांब आहे, पोचेपर्यंत कमी होतो.

तुझा
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
घरातल्या सगळ्यांचे अ. उ. आ.

बेकरी सुटल्याचं आईला सांगितलं. तिचं म्हणणं, तिथे निदान पोटाला गरम मिळत होतं.

तुझं तेलाचं कौतुक मात्र बाबांना वाचून दाखवलं नाही. घरात सध्या गाडीचा विषय काढायची सोय नाही. बाबा गाडी भंगारात देतायत. तुला कळवायचं नाही असा त्यांचा हुकूम आहे, म्हणून कळवते.

थंडीत ते आजारी होते ते तुला माहीतच आहे. ते अंथरुणावर आणि गाडी अंगणात, दोघंही पांघरुणाखाली पडून होते. उठले, पुन्हा भाडी मारायला लागले, आणि तेव्हापासून त्यांना स्टिअरिंग आवरत नाही. हात गेले माझे, म्हणतात. डॉक्टरांनी खांदे, कोपरं सगळं बघून ठणठणीत म्हणून सांगितलं. त्यावर बाबांचं उत्तर, डॉक्टरांनी मला हात वर करायला लावले, गाडी वळवायला कुठे लावली. परवा एका वळणावर गाडी वेळेत वळली नाही, भिंतीशी जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही, पण मागे बसलेली बाई उतरून चालत गेली. त्याच दिवशी त्यांनी भंगारवाल्याला शब्द दिला. एप्रिल लागला की तो येणार.

मी शिवलेले कपडे पोचवायला त्यांच्याबरोबर जाते ना, तर शेजारी बसवत नाही रे. दर वळणाला बाबा कण्हतात. लांबलचक, दाबून धरलेलं कण्हणं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आपण कण्हतोय हे त्यांना कळतही नसेल. मी खिडकीबाहेर बघत राहते. ज्या माणसानं जन्मभर इतरांना नेलं-आणलं, तो आता खुर्चीत बसून काय करणार, मला कळत नाही. काल नुसतेच किल्ली हातात धरून बसले होते.

जेवत जा. इकडच्या लोभाची काळजी करू नकोस, तो जागेवर आहे. तूच नसतोस.

तुझी
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचता वाचता हातातला पाना सुटला तो थेट उस्तादाच्या पायावर. त्यानं विचारलं म्हणून सगळं सांगितलं. वाटलं, हळहळेल. तर हा पाय चोळत विचारतो, बाबा बादली उचलताना कण्हतात का. खुर्चीतून उठताना? मला कुठून माहीत. मग म्हणाला, उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवलं तर आवाज वाढतो का ते विचार. मी म्हटलं, आवाज बाबांचा आहे, गाडीचा नाही. तो म्हणाला, ते कुणी तपासलं.

ताई, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही, म्हणजे नेहमीपेक्षाही. बाबा घरात नसतील तेव्हा एक कर. त्यांच्या जागेवर तू बस. गाडी गिअरमधून काढ, हँडब्रेक ओढ, इंजिन चालू कर आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळव. तिथे फार वेळ दाबून धरू नकोस. आणि ऐक. नंतर इंजिन बंद करून त्या डबीचं झाकण उघड, आत काय दिसतं ते लिही. पंपाचा पट्टा सैल आहे का तेही बघ, पण इंजिन बंद असताना, आणि केस बांधून.

बाबांना बोलू नकोस. काही निघालं नाही तर उगाच आशा लावल्यासारखं होईल. उत्तर हातासरशी टाक. लोभ नंतर सवडीनं पाठवलास तरी चालेल.

तुझा
भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

बाबा दाढी करायला सलूनमध्ये गेले आणि मी गाडीत बसले. एकटी. इंजिन चालू केलं, दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. आणि बाबा कण्हले.

सर्रकन काटा आला अंगावर. मागे वळून बघितलं, गाडीत कुणी नाही. सोडलं की गप्प. वळवलं की तोच आवाज, तसाच लांबलचक, तसाच दाबलेला, बॉनेटखालून. आई आतून धावत आली आणि ह्यांना काय झालं म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, ते सलूनमध्ये आहेत. ती तिथेच पायरीवर बसली. भिंगरी, आम्ही दोघी रोज बाबांच्या खांद्यांना तेल चोळतोय रे, आणि कण्हतेय ही.

आधी हसू आवरेना, मग जरा भीतीच वाटली. एवढं लोखंड, आणि त्यानं हुबेहूब आपल्याच माणसासारखं कण्हावं. बराच वेळ मी बॉनेटवर हात ठेवून उभी होते, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

पट्टा दाबून बघितला, शिलाई मशीनचा बघते तसा. चांगला ताठ आहे. डबीतलं तेल मात्र तू लिहिलंस तसं लाल नाही. गुलाबी आहे आणि वर साबणासारखा फेस. हे बरं की वाईट ते लवकर कळव, भंगारवाला दारात उभा राहायच्या आत. बाकी लोभ वगैरे तू समजून घेशीलच.

तुझी
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फेस म्हटल्याबरोबर उस्तादानं हात पुसले आणि तो एकच शब्द बोलला, हवा. पंप तेलाबरोबर हवा पितोय. तेल दाबलं की ते पुढच्याला रेटतं. हवा दाबली की ती बिचारी नुसती दबते. म्हणून पंप कण्हतो आणि वजन सगळं माणसाच्या हातावर येतं.

हवा शिरते कुठून, तर डबीपासून पंपापर्यंत जाणाऱ्या रबरी नळीतून. गाडी थंडीभर उभी होती, रबर कडक होऊन तडकलं असणार. उस्तादानं अशीच एक टाकलेली नळी माझ्या हातात दिली. मी डोळ्यांजवळ धरली, काही दिसेना. वाकवली तेव्हा टोकाशी चिरा उघडल्या, केसाएवढ्या. मी थक्क होऊन बघत राहिलो. एवढ्याशा चिरेतून आपल्या घरात म्हातारपण शिरलं, ताई.

आता काम. जुनी नळी काढून नमुन्याला दुकानात ने, आणि तेल चालेल अशीच माग, पाण्याची नको. दोन्ही टोकांच्या आवळपट्ट्या नव्या घाल. तेल झाकणावर लिहिलंय तेच आण. मग पुढची चाकं जॅकनं उचलून गाडीखाली भक्कम ठोकळे दे, मागच्या चाकांना दगड लाव. इंजिन बंदच ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा. डबीत बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत फिरव, तेल उतरेल तसं घाल. मगच इंजिन चालू कर.

हे मी यायचं सोडून कागदावर लिहितोय, पण तुझ्या हातांना माझ्यापेक्षा अक्कल जास्त आहे. लोभ तूर्तास माझ्याऐवजी त्या नळीवर ठेव.

तुझा
भिंगरी

५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

झालं. बाबांना सांगावंच लागलं, गाडी ठोकळ्यांवर लपवणार कुठे. ते खुर्ची टाकून लांब बसले आणि मी कुठे चुकते ते बघत राहिले. बुडबुडे किती वेळ येत होते म्हणून सांगू, डबी जणू श्वास सोडत होती. मग तेल हळूहळू निवळलं, लाल झालं, आणि इंजिन चालू केलं तर गाडी गप्प. स्टिअरिंग लोण्यासारखं. आईनं आतून विचारलं, बंद पडली का. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्याला माझ्या बोटांचे ठसे लागले ते सोड.

पण हे वाचून उड्या मारू नकोस. बाबांनी एका बोटानं स्टिअरिंग फिरवून बघितलं, मला शाबास म्हणाले, आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. का, तर चालती गाडी आहे, आता चांगलं गिऱ्हाईक मिळेल. मी म्हटलं, आता विकायची कशाला. तर म्हणाले, आता जोर तेल लावतंय पोरी, माझे हात गेलेले ते गेलेलेच. शनिवारी गाडी बघायला माणूस येतोय.

आता तूच काय ते लिही, त्यांनाच लिही. तुझ्यावरचा लोभ ते बोलून दाखवत नाहीत, पण तुझं पाकीट आलं की आधी हातात घेऊन बघतात.

तुझी
ताई

९ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला मी कधी लिहीत नाही, कारण काय लिहावं ते सुचत नाही. आज सुचलंय.

ताईचं पत्र मी उस्तादाला वाचून दाखवलं. तो तुमच्या गाडीसारखीच एक गाडी घेऊन आला, पंपाचा पट्टा काढला आणि मला म्हणाला, आता चालव, बाबांसारखी. बाबा, पहिल्याच वळणाला मी सीटवरून अर्धा उठलो. फाटकातून बाहेर काढून परत आत घालेपर्यंत शर्ट भिजला, तळहात लाल झाले. गॅरेजातल्या सगळ्या पोरांनी ओढून बघितलं. आमच्यातला सगळ्यात दांडगा म्हणाला, हे कुणी रोज करत असेल तर मला त्याच्या घरी घेऊन चल.

कण्हत गाडी होती. तुम्ही नाही. ताईनं आणि आईनं ऐकलं ते सगळं गाडीचं. अंथरुणावरून उठून तुम्ही हे ओझं गावभर वळवलंत, माणसं पोचवलीत, आणि तक्रार केलीत ती गाडीची नाही, स्वतःच्या हातांची. तेल तर फेस होऊन बसलं होतं. मग जोर कोण लावत होतं, बाबा?

गाडी तुमची आहे, विकायची तर विका. कंटाळा आला म्हणून विका. पण हात गेले म्हणून विकू नका, ते खोटं आहे. मी इथे इतकी यंत्रं बघतो, रोज तोंडात बोट घालतो, पण तुमच्या हातांएवढं नवल मला अजून दिसलेलं नाही.

आईला नमस्कार. लोभ असू द्या असं तुम्हाला लिहायची लाज वाटते, तो न मागता मिळालाय.

तुमचा
भिंगरी

१७ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मला ऐकू यावं म्हणून ताईनं मोठ्यानं वाचलं, त्यामुळे ते शेजारीपाजारीही पोचलं. तुझ्या दांडग्या मित्राला म्हणावं, ये. येताना हात धुऊन ये.

मी अंगणात जाऊन गाडीत बसलो. इंजिन बंद ठेवलं. स्टिअरिंग एका टोकाला नेलं, मग दुसऱ्या टोकाला नेलं. जड आहे, पण जातं. आई पायरीवर उभी होती. आवाज कुणाचाच आला नाही. तिनं मान हलवली आणि आत गेली.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. भला माणूस. गाडी त्याला फार आवडली. बसा म्हटलं, आणि त्याला त्याच्या घरी सोडून आलो. वाटेत काही वळणं नको होती तीही घेतली. उतरताना त्यानं विचारलं, मग विकायचं काय ठरलं. मी म्हटलं, मला जरा कमी ऐकू येतं.

उस्तादाला माझा नमस्कार सांग. त्या जागी काही दिवस टिक. बाकी क्षेम.

बाबा