नाल्यात धुतलेली मोटार

आलापल्ली, मंगळवार, फेब्रुवारी १९५६

उद्या शेजारच्या देवरावभाऊंची मुलगी माझ्या जुन्या मोटारीतून सासरी जाणार. म्हणून आज ती धुतली. साबण अंगणातच लावला. मग विहिरीचे पाणी बादल्यांनी ओतावे, की नाल्यावर न्यावी? देवरावभाऊ म्हणाले, "भाऊ, बैलाले आपण बादलीनं धुतो काय? पाण्यात उभी करा, धानाच्या तणसाच्या बोळ्यानं घासून देतो." मला पटले. काय म्हणून पटले?

पाणी घोट्याएवढे वाटले होते. मोटार आत घातली तर पुढे खोल निघाले, आणि पंख्याने ते इंजिनभर उडवले. देवरावभाऊ मात्र बैलासारखी तिची पाठ थोपटत होते. मोटार लख्ख झाली आणि सुरूच होईना. शेवटी त्यांच्याच बैलांनी ओढून घरी आणली. वाटेतही ते पाठ थोपटतच होते, बैलांची नव्हे, मोटारीची. दारात बायको उभी. "झालं धुणं? आता सरकीची ढेप चारा तिले."

दिवेलागणीला इंजिन वाळले, धडधडले. देवरावभाऊंची मुलगी हसत सुटली. त्यांनी हळूच विचारले, "भाऊ, राग नोका मानू. उद्या बैल मागं मागं आणू काय?"

"आणा," मी म्हणालो, "पण व्याह्यांना दिसणार नाहीत इतके मागे ठेवा."