घाटावरच्या दिव्यांखालची मोजदाद

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायला बसले की मी अजून आधी पदर सावरते.

मध्य भारत राज्य मोडून नवा प्रांत झाला, कचेऱ्या भोपाळला निघाल्या, त्याच सुमारास क्षिप्रेच्या घाटावर विजेचे मोठे दिवे लागले. सगळं उज्जैन ते बघायला लोटलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे तुम्ही मात्र सकाळी खांबांखालचा किड्यांचा खच बघून आलात आणि म्हणालात, "हा उजेड नदी खाणार." तुमचं खरं होतं. हे आधीच लिहिते, नाहीतर राहून जाईल.

मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी सतरा वर्षांची. रात्री खांबांखाली अंथरलेल्या चादरी उजाडताना गोळा करायच्या, अंगणात बसून किडे निवडायचे, रजिस्टरात आकडे लिहायचे. मला ते आवडत होतं, अण्णा. एका सकाळी चादरीशेजारी पिंगळा, ते छोटं घुबड, सापडला. दिव्याखाली किडे टिपताना तारेवर आपटून पंख मोडलेला. मी त्याला पदरात घेऊन येते. तो माझं बोट चोचीत धरतो, पण चावत नाही. तुम्ही त्याला माझ्या हातातून काढता, क्लोरोफॉर्मच्या बरणीत घालता, झाकण लावता.

"अण्णा, जगला असता तो."

"त्याच्या पोटात काय आहे ते बघायचंय. चिमटा दे."

मी रडायला लागले तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आईकडे जा. इथे काम चालू आहे." त्याच आठवड्यात मी विचारलं, बी.एस्सी. करू का? तुमचे एक सहकारी चहाला आले होते. त्यांच्याकडे बघत तुम्ही म्हणालात, "हिला मोजता येतं. पुढच्याला डोकं लागतं." ते हसले. आईसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवसापासून मी चादरी नदीत झटकू लागले आणि आकडे मनानेच लिहू लागले. दुप्पट, कधी तिप्पट. रजिस्टर बघून तुम्ही मला "शाब्बास" म्हणालात. जन्मात पहिल्यांदा.

दिवे झाकून खाली वळवावेत, असा अर्ज आणि ते रजिस्टर घेऊन तुम्ही भोपाळला गेलात. तिकडून एक अधिकारी आला. त्याने स्वतःच्या चादरी घातल्या, आठवडाभर मोजलं, आणि घाटावर तुमच्या विद्यार्थ्यांदेखत विचारलं, "मास्टर साहब, कीड़े गिने थे या मन से लिख दिए?"

मी तुमच्या मागे उभी होते. तुम्ही म्हणालात, "मैंने ख़ुद गिने हैं, साहब."

मला वाचवायला म्हणालात, की माझं नाव सांगायची लाज वाटली म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

दिवे तसेच राहिले, मग आणखी लागले. तुम्ही पुन्हा घाटावर गेला नाहीत. कुणी विषय काढला की म्हणायचात, "मोजताना माझे डोळेच चुकले तेव्हा," आणि मी चहाचे कप गोळा करायचे. आता त्या खांबांखाली चादर घातली तरी सकाळी ती कोरीच निघेल. पडायला काही उरलेलं नाही.

हे कुणाला वाचून दाखवणार नाही, मुलांनाही नाही. एवढंच लिहून ठेवते, की त्या दिवशी घाटावरून आल्यावर तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, आणि मी माझं जेवण संपवून तुमच्या ताटातला भातही खाल्ला. गोड लागला.